कुणी पाहिलं का त्याला?

तुमच्या पायाखाली माळव्याची काळी माती आहे. नर्मदा मागे पडली, भेलसा अजून पुढे आहे. आज त्या गावाला विदिशा म्हणतात. दोन्ही अंगांना गहू उभा आहे आणि त्यामधून नानासाहेब पेशव्यांची फौज उत्तरेला चालली आहे. घोडी, उंट, तोफांचे गाडे, दाण्याच्या गोण्या लादलेले लमाणांचे बैल. तुम्ही कारकुनाच्या वेषात आहात: अंगरखा, उपरणे, साधी पगडी, कमरेला कलमदान. तुमच्याकडे कोणी वळून पाहत नाही, कारण असे कारकून या लष्करात जागोजाग आहेत.

साल १७६१, जानेवारीची एकविसावी तारीख. रात्री मुक्काम पडला की शेकोट्यांभोवती एकच विषय निघतो. भाऊसाहेबांची पत्रे का येत नाहीत? ऑक्टोबरअखेरीस अफगाण बादशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि पानिपतच्या तळाचा दिल्लीकडचा रस्ता तुटला, इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. मग पत्रे तुटक येऊ लागली. मग थांबली. कोणी म्हणतो, जासूद वाटेत कापले जात असतील. कोणी म्हणतो, लढाई फत्ते झाली असेल, लुटीच्या गडबडीत लिहायला सवड कुणाला आहे? असे म्हणणाऱ्याकडे सगळे आनंदाने पाहतात.

तुम्हाला ठाऊक आहे. या सबंध लष्करात एकट्या तुम्हाला. पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, १४ जानेवारी: दुपारी विश्वासरावाला गोळी लागली आणि दिवस मावळायच्या आत सगळे संपले. विश्वासराव नानासाहेबांचा थोरला मुलगा, वय अठरा. मोहीम त्याच्या नावाची होती, सूत्रे चुलत्याकडे, सदाशिवरावभाऊंकडे. त्याला जाऊन आज आठवडा झाला, आणि बाप त्याच्या कुमकेला निघाला आहे.

इतिहासाच्या पुस्तकात हे दिवस एका ओळीत उरकतात: बातमी अमुक तारखेला मिळाली. तुम्ही मात्र ते दिवस चालत आहात. खाशा डेऱ्याच्या कनातीबाहेर उभे राहिलात तर आतून खोकल्याचा आवाज येतो. श्रीमंतांची प्रकृती आधीच उतरलेली आहे. आत उद्याच्या मुक्कामाचे बोलणे चालले आहे, दाणावैरणीचे, पुढे पाठवायच्या खजिन्याचे. त्या सगळ्या हिशेबात एक मुलगा जिवंत आहे. त्याच्यासाठी दाणा जमवला जातो आहे, पैसा मोजून बाजूला ठेवला जातो आहे.

तुम्हाला राग येतो. २७ डिसेंबरला, म्हणजे पानिपतावर माणसे उपाशी मरत असताना, याच माणसाने पैठणला दुसरे लग्न केले. कुमक महिनाभर आधी निघायला हवी होती. हा दोष इतिहासकारांनी नानासाहेबांना दिला आहे आणि तो माफ करावा असे मलाही वाटत नाही. पण दोषी बापाचे दुःख हलके असते असे ज्याला वाटते, त्याने या कनातीबाहेर रात्रभर उभे राहावे. ज्याच्या हातून उशीर झाला, त्याला मुलगा परत येण्याची गरज इतरांपेक्षा जास्त असते. मुलगा आला, तरच तो उशीर माफ होणार असतो.

कनात सारून आत जावे आणि सांगून टाकावे, असे तुमच्या मनात येते. पण पाऊल उचलत नाही. पहारेकरी आडवा येईल म्हणून नाही. त्या माणसाकडे अजून तीन दिवस आहेत ज्यांत त्याचा मुलगा मेलेला नाही, आणि ते काढून घ्यायला तुमचा हात धजावत नाही.

२४ तारीख. दक्षिणेकडे धावणारा एक कासीद लष्करातल्या लोकांच्या हाती लागतो. त्याच्यापाशी एका सावकाराचे पत्र आहे, सराफी भाषेत लिहिलेले: मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची मोजदाद नाही. हा मजकूर आपण शाळेत शिकतो, आणि त्यातली चतुराई शिक्षक समजावून सांगतात. आज तुम्ही तो वाचला जात असताना जवळ उभे आहात, आणि चतुराई तुम्हाला दिसत नाही. तुम्हाला दिसते ते हे, की हे पत्र बापासाठी लिहिलेलेच नव्हते. एका पेढीने दुसऱ्या पेढीला सावध करायला लिहिले होते, बाजार पडण्याआधी हात आवरता यावा म्हणून. हिंदुस्थानातल्या सर्वांत सामर्थ्यवान घराण्यातल्या बापाला मुलाच्या मरणाची बातमी दुसऱ्याच्या व्यापारी टपालातून मिळाली, तीही रुपयांच्या हिशेबात.

पत्र दोनदा वाचले जाते, तिसऱ्यांदाही. कोणीतरी हळूच म्हणतो, नावे कुठे लिहिली आहेत? मोती म्हणजे तेच कशावरून? दरबारी माणसे आहेत ही, सांकेतिक लिहिण्यात मुरलेली. यांना अर्थ कळत नाही असे नाही. तरी एक जण म्हणतो, सावकारांच्या बातम्या नेहमी फुगवलेल्या असतात, आणि बाकीचे मान हलवतात.

आता थोडे पुढे चला. फेब्रुवारी, पछोरचा मुक्काम. उत्तरेकडून माणसे यायला लागली आहेत. घोडी नाहीत, हत्यारे नाहीत, कित्येकांच्या अंगावर धड वस्त्र नाही. भरतपुरात सूरजमल जाटाने त्यांना अन्न दिले, पांघरूण दिले, जखमा बांधल्या, पुढची वाट दाखवली. हे प्रत्येक जण सांगतो आणि सांगताना हात जोडतो. पार्वतीबाई वाचल्या, सदाशिवरावांच्या पत्नी. बाळाजी जनार्दन वाचला. आपण ज्याला नाना फडणीस म्हणतो तो, विशीच्या आतला पोरगा. आपली आई त्याने त्याच पळापळीत गमावली आहे. नवऱ्याविना बायको आली आहे आणि आईविना मुलगा, आणि त्या दोघांना सगळे विचारत आहेत की बाकीचे कुठे आहेत.

विश्वासरावाबद्दल शंका फार काळ राहत नाही. त्याचा मृतदेह लोकांनी पाहिला होता. अब्दालीच्या छावणीत तो नेला गेला. पठाणांना तो पेंढा भरून काबूलला न्यायचा होता. अवधचा नवाब शुजाउद्दौला मध्ये पडला आणि त्याचे रीतीने दहन झाले. शुजाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने पुढे हे सगळे फारसीत लिहून ठेवले. सदाशिवरावांचे तसे नव्हते. शिर नसलेले एक धड सापडले, काही खुणांवरून ते भाऊंचे ठरले, त्याला अग्नी दिला गेला. काहींनी ते मान्य केले. काहींनी नाही. पार्वतीबाईंनी नाही.

छावणीच्या कडेला, जिथून उत्तरेची वाट आत येते, तिथे एक म्हातारा बसलेला असतो. त्याचे नाव कुठल्याही दप्तरात नाही. वाई-साताऱ्याकडचा कुणबी असेल, किंवा नेवाशाकडचा. कमरेला धोतर, खांद्यावर घोंगडी. फौजेबरोबर कुठवर आला आणि कसा आला हे तोच जाणे. त्याचा मुलगा बारगीर होता, सरकारी घोड्यावर बसणारा. येणाऱ्या प्रत्येकाला तो उठून सामोरा जातो. मुलाचे नाव, गाव, पथक कुणाचे, कपाळावर लहानपणी विळा लागल्याचा व्रण. कुणी पाहिलं का त्याला?

उत्तरे ऐका. एक जण मान खाली घालून पुढे जातो. एक जण म्हणतो, बाबा, आमचं पथक डावीकडं होतं. तिसरा त्याची दया येऊन म्हणतो, होय, पाहिला मी त्याला, मथुरेपाशी होता, पाठोपाठ येतच असेल. म्हातारा त्याच्या पाया पडतो. तो माणूस गेल्यावर घोंगडी सारखी करून पुन्हा वाटेकडे तोंड करून बसतो, आणि चार दिवस जेवणाखेरीज तिथून हलत नाही.

मग तो तुमच्याकडे वळतो. तुम्ही कारकून, लिहिणारे-वाचणारे. तुमच्याकडे याद्या असतील.

इथे तुमची सगळी विद्या संपते. विश्वासरावाला गोळी लागल्याची वेळ तुम्हाला माहीत आहे. जनकोजी शिंदे पकडला गेला आणि नंतर मारला गेला, इब्राहिमखान गारद्याला हाल करून मारले, समशेरबहाद्दर जखमी होऊन निसटला आणि जाटांच्या मुलखात वारला, हे सगळे तुम्ही सांगू शकता. कपाळावर व्रण असलेल्या बारगिराचे काय झाले हे तुम्हाला माहीत नाही. अडीचशे वर्षांनंतरचे कोणतेही पुस्तक ते सांगत नाही. लढाईच्या दुसऱ्या सकाळी पुरुष कैद्यांच्या कत्तली झाल्या, बायका-मुले गुलाम म्हणून वाटली गेली, माणसे कंदाहारच्या वाटेने हाकली गेली. काही वाटेत सुटली, काही जाट-गुजरांच्या खेड्यांत लपली, काही तिथेच राहिली. त्या म्हाताऱ्याची आशा म्हणजे वेडेपणा नव्हे. त्याच्यासमोर रोज कोणी ना कोणी मेलेला माणूस जिवंत होऊन चालत येतो आहे. मग त्याचाच मुलगा का येऊ नये?

तुम्ही त्याला खरे तेच सांगता. मी पाहिला नाही, बाबा. मला माहीत नाही. पण तुम्ही सांगाल ते लिहून घेतो.

तो खाली बसतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

जून. फौज पुण्यात परतली आहे. पर्वतीच्या पायऱ्या चढून वर गेलात तर देवदेवेश्वराच्या मंदिराजवळ, नानासाहेबांनी स्वतःच वसवलेल्या त्या टेकडीवर, पालखीतून आणलेला एक माणूस निजलेला दिसेल. चाळिशीचा आहे, दिसतो साठीचा. तो चिडतो, विसरतो, मध्येच भाऊ कुठे म्हणून विचारतो, असे सांगतात. २३ जूनला तो गेला. पानिपतानंतर पाच महिने नऊ दिवस. मुलगा मेला हे त्याला पक्के कळले होते, आणि त्या कळण्याने तो जगू शकला नाही. म्हाताऱ्या कुणब्याला काहीच कळले नव्हते. माझी खात्री आहे की असे शेकडो बाप पुढे वीस वर्षे जगले, वाटेकडे तोंड करून. यांतले कुणाचे बरे, हे मला ठरवता येत नाही.

धर्मशास्त्राने यावर विचार केलेला होता. परदेशी गेलेल्याचा ठावठिकाणा लागला नाही तर साधारण बारा वर्षे थांबावे, मग दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा आणि सुतक पाळावे. ऐकायला सोपे आहे. पण पुतळा करायचा तर घरातल्या कुणीतरी आधी तोंडाने म्हणावे लागते की तो मेला. बारा वर्षे ज्या आईने रोज दिवेलागणीला दाराची कडी काढून ठेवली, तिने ते म्हणावे. पार्वतीबाईंनी कधीच म्हटले नाही. कुंकू पुसले नाही, बांगड्या उतरवल्या नाहीत, बावीस वर्षे. पेशव्यांच्या वाड्याने त्यांना ते करायला भाग पाडले नाही, आणि मला ही त्या काळातली फार मोठी गोष्ट वाटते.

गोदावरीच्या काठाने नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर आहे. १७७३ ची अखेर घ्या. नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई इथे राहतात, वाड्याच्या राजकारणापासून दूर. थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर गेला. त्याचा धाकटा भाऊ माधवराव गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात थेऊरला क्षयाने गेला, सत्ताविसाव्या वर्षी. सगळ्यांत धाकटा नारायणराव यंदा ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात गारद्यांच्या तलवारींनी कापला गेला. तोही अठराच वर्षांचा होता, थोरल्याच्या वयाचा. नवरा गेला त्याला बारा वर्षे झाली. तुम्ही अंगणात उभे आहात, आणि पेशवाईच्या या मातुश्रींना विचारायला तुमच्याजवळ एकही प्रश्न नाही. पुढच्या एप्रिलमध्ये नारायणरावाची विधवा पुरंदरावर बाळंत होईल, मुलगा होईल. तो जाणता झाल्यावर आजी त्याला पत्राने उपदेश पाठवेल: पहाटे उठावे, अभ्यास करावा, कारभाराकडे स्वतः लक्ष द्यावे. लोक ते पत्र राजनीतीचा धडा म्हणून वाचतात. तीन मुलगे गमावलेली बाई एका मुलाला जिवंत ठेवायची धडपड करते आहे, हेही त्यात वाचता येते.

आता १७७६. कोकणात हाकाटी उठली आहे: भाऊसाहेब आले!

हा माणूस नवा नाही. दहा-अकरा वर्षांपूर्वी बुंदेलखंडाकडे त्याने प्रथम आपण सदाशिवराव असल्याचे सांगितले. तेव्हाचा पेशवा माधवरावाने त्याला पुण्यात आणवले, खऱ्या भाऊंना जवळून ओळखणाऱ्या माणसांपुढे उभे केले, रीतसर चौकशी केली. तो कनोजी ब्राह्मण निघाला, त्याने तसे कबूलही केले. त्याला किल्ल्यावर कैदेत ठेवले. आता रत्नागिरीच्या मामलेदाराने त्याला सोडला आहे, आणि किल्ल्यामागून किल्ला त्याच्या हाती जातो आहे. तो बोरघाटाशी येऊन पोहोचतो तेव्हा त्याच्यामागे हजारो लोक आहेत.

त्या गर्दीत घुसून चेहरे पाहा. लुटीला आलेले आहेत, पुण्याच्या कारभाऱ्यांवर रागावलेले आहेत. पण काठी टेकत आलेली म्हातारी माणसेही आहेत. त्यांना दौलत कोणाची याच्याशी देणेघेणे नाही. त्यांचा हिशेब सरळ आहे: भाऊसाहेब पंधरा वर्षांनी परत येऊ शकतात, तर त्यांच्याबरोबर गेलेला आमचा का नाही? त्यांना तोतयाचे राज्य नको आहे. त्यांना त्याला एक प्रश्न विचारायचा आहे, तोच, पछोरच्या वाटेवरचा. आणि तोतयाकडे त्याचे उत्तर असेल, कारण खोटे बोलणाऱ्याकडे प्रत्येकाला हवे ते उत्तर असते. माझ्या लेखी त्याचा मोठा गुन्हा हा. राज्य बळकावू पाहणारे त्या शतकात पुष्कळ होते. वाट पाहणाऱ्यांच्या आशेवर फौज उभी करणारा हाच.

आणि त्याच्याविरुद्ध उभे आहेत कोण, तेही पाहा. घाटावर महादजी शिंदे आहे. पानिपतातून पळताना पठाणाच्या वाराने त्याचा पाय कायमचा अधू झाला. एक भाऊ त्या रणात गेला, दुसरा वर्षभर आधी बुराडीला, पुतण्या कैदेत मारला गेला. पुण्यात बसून सूत्रे हलवणारा नाना फडणीस आहे, आईला त्याच रणात हरवून आलेला. मेलेली माणसे परत यावीत असे वाटायला या दोघांइतके कारण कोणाला होते? तरी त्यांनी म्हटले, हा तो नव्हे. मला त्यांचे हे म्हणणे लढायांतल्या शौर्याहून अवघड वाटते. बंड मोडले. राघोजी आंग्र्यांनी पळालेल्या तोतयाला पकडून दिले, पुण्यात पुन्हा पंच बसले, पुन्हा साक्षी झाल्या, आणि डिसेंबरात मेखसूने, म्हणजे मेखा ठोकायच्या हातोड्याने, डोके फोडून त्याला मारले. शिक्षा भीषण होती. चौकशी मात्र दोन्ही वेळा उघड आणि माणसांसमक्ष झाली, आणि वाट पाहणाऱ्यांना तिचा निकाल ऐकायला मिळाला.

पार्वतीबाई १७८३ मध्ये वारल्या. भाऊंचे आणि त्यांचे उत्तरकार्य त्यानंतर एकत्र झाले. गोपिकाबाई १७८८ पर्यंत जगल्या.

तुम्ही तुमच्या काळात परत आला आहात. इथे बारा वर्षांची जागा कायद्याने सातावर आणली आहे: सात वर्षे ज्याची खबर नाही तो मृत धरता येतो. बेपत्ता मुलाची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. तरीही पोलीस चौकीच्या बाकावर फोटो मांडीवर घेऊन बसलेले आईबाप तुम्ही पाहिले असतील. त्यांना 'आता मन घट्ट करा' असे सांगू नका. 'येईल हो परत' असेही सांगू नका. ते तुम्हाला माहीत नाही. त्यांच्या मुलाचे नाव विचारा, खुणा विचारा, कागद अडला असेल तर त्यांच्याबरोबर आत जा, आणि जे खरे कळेल तेवढेच त्यांना सांगा.